जकातघर पाडणारा कारागीर

नदीकाठच्या एका बाजारगावात तीन मजली जुनं जकातघर होतं. एका पावसाळ्यात ते कललं. त्याला लागूनच एका विणकर बाईचं घर होतं. दोन्हींमध्ये भिंत एकच. बाईचा माग जमिनीत पुरलेला, त्यामुळे तो उचलून दुसरीकडे नेणंही शक्य नव्हतं.

जकातघर पाडायचं ठरलं. दूरच्या शहरातून एक मोठा ठेकेदार आला. बरोबर बैलांच्या बारा जोड्या आणि जाडजूड साखळदंड. "सकाळी साखळ्या बांधतो. दुपारी जेवायला बसाल तेव्हा मैदान मोकळं!" तो म्हणाला.

गाव खूश झालं. मजा बघायला कुठे बसायचं, यावरून पोरांची भांडणंही झाली.

पाडकामात मुरलेला एक कारागीर गावातच राहत होता. तो म्हणाला, "पाटील, हे काम मी करतो. सतरा दिवस लागतील."

लोक हसले. "मोडायला सतरा दिवस? अरे, मोडायला काय अक्कल लागते?"

"मोडायला शिकण्याआधी मी बारा वर्षं बांधायला शिकलो," कारागीर शांतपणे म्हणाला.

विणकर बाई पुढे झाली. "पाटील, घर माझं जाईल. मला दोघांना एकच विचारू द्या. पहिला घाव कुठे घालणार?"

"तळाशी!" ठेकेदार म्हणाला. "पाय तोडले की उभं कोण राहतंय?"

कारागीर म्हणाला, "ते उद्या सांगतो, काकू. आधी तुमचं घर आतून बघू द्या."

त्याने तिच्या भिंतीवरच्या भेगेवर चुन्याची पातळ पट्टी ओढली आणि तो निघून गेला. सकाळी पाटलांना आणि ठेकेदाराला घेऊन आला, तर वाळलेली पट्टी मधोमध तुटली होती.

"भिंत अजून हलतेय," तो म्हणाला. मग त्याने वरचा गिलावा हलकेच खरवडला. आत लाकूड दिसलं. "ही जकातघराची तुळई. भिंतीतून आरपार आलीय आणि काकूंचं छप्पर हिच्यावर आहे. बैलांनी तिकडे ओढलं, तर इकडचं छप्परही जाईल. म्हणून पहिला घाव नाही, पहिला टेकू. आणि तोही या घरात."

पाटलांनी ठेकेदाराकडे पाहिलं. "तुम्ही घर आतून पाहिलं होतं?"

"एवढं कोण बघत बसतं!" ठेकेदार म्हणाला.

पाटलांनी त्याला तिथूनच नमस्कार केला.

कारागिराने आधी बाईच्या घरात सागाचे टेकू दिले. मग वरून सुरुवात केली. कौलं हातोहात उतरली, दगड दोरीने खाली आले, तुळया भिंतीशी अलगद कापल्या गेल्या. धडाम आवाजाची वाट बघणारी मंडळी तिसऱ्या दिवशीच कंटाळून घरी गेली. बाई मात्र आत विणत होती आणि तिचा एकही धागा तुटला नाही.

सतराव्या दिवशी शेवटचा दगड उचलला गेला. सामाईक भिंत आता एकट्या बाईची झाली. कारागिराने तिच्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "काकू, पलीकडे आता सगळं मोकळं आहे. इथे एक खिडकी काढून देऊ का?"

इतकी वर्षं ती बाई अंधारात विणत आली होती. ती म्हणाली, "मोठी काढ, बाबा."

तात्पर्य एवढंच: पाडण्याचं काम अशाच्या हाती द्यावं, ज्याला काय उभं राहायला हवं हे आधी दिसतं, आणि असा जाणता माणूस बाहेर शोधण्यापूर्वी आपल्या गावात नीट बघावं.