उकिरड्यावरची बातमी

पेपर निघायच्या लई आधी गावाच्या बातम्या उकिरड्यावरचा कोंबडा द्यायचा. तुरा असा ताठ, जसं काही सूर्याला यानंच हाक मारून उठवलंय. एका कावळ्यानं भाकर पळवली, तर हा आरवला, "काळी जात चोर, सावध राहा!" बगळ्यानं टोपलीतला मासा गिळला, तेव्हा म्हणाला, "मासा कमी भरला."

झालं. गुरं, कोंबड्या, कुणी कावळ्यांना हौदावर टेकू देईना. भर उन्हाळा. सखू कावळीची पिल्लं चोच वासून बसलेली. तिनं तर ती भाकर पाहिलीसुद्धा नव्हती. हौदावर जाऊन ती कोंबड्यांना विचारायची, पण कुणी ऐकून घेईना.

एका सकाळी ज्वारीचं पोतं फुटलेलं सापडलं. कोंबड्याचा गळा टम्म फुगलेला, पण पठ्ठ्या आरवला, "पोतं उसवलं."

सखू त्याच्या शेजारी जाऊन बसली. "दाजी, गळा जड झाला असंल. आजची बातमी मी देते, तुमच्याच चालीवर." आणि ती ओरडली, "तुरेवाली जात चोर! एकाही कोंबडीला दाणा टाकू नका!"

सूप घेऊन निघालेली मालकीण माघारी वळली. कोंबड्या धावत आल्या. "अगं सखे, खाल्लं यानं, मग उपाशी आम्ही का?"

"बायांनो," सखू म्हणाली, "हौदावर मी तुम्हाला हेच विचारत होते."

कोंबड्यांनी माना खाली घातल्या आणि सखूच्या पिल्लांना स्वतःच हौदावर घेऊन गेल्या. कोंबड्याला मात्र त्यांनी असं टोचलं, की तेव्हापासून तो एकच बातमी देतो, उजाडलं म्हणून. ते तसंही सगळ्यांना दिसतच असतं.