कुंपणाला लागलेली बोरं

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणज्याला दुधाचे दातही आले नव्हते तेव्हा, शेंबाळवाडीच्या वरच्या अंगाला रानबोरींचा माळ होता. माळ कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. रिवाज एवढाच, की पहिलं बोर तुळशीच्या लग्नात तुळशीपुढं ठेवायचं आणि मगच आपल्या तोंडात टाकायचं. त्याआधी चोरून खाल्लं तर खोकला होतो, असं म्हणतात. इथं बसलेल्यांत कोण कोण खोकतंय ते ऐकू येतंच आहे.

माळाच्या कडेला धुरपदामाय राहायची. एकटीच. तुळशीचं लग्न लागलं की ती ओटीभर बोरं वेचायची, खडकावर वाळवायची, उखळात कुटायची, आठळ्या काढून टाकायची आणि मीठ घालून ते बोरकूट गाडग्यात भरून ठेवायची. कुणाच्या तोंडाला चव नसली, कुणाच्या हिरड्या सुजल्या, कुणाला डोहाळे लागले, की तिच्या दारात जाऊन तळहात पसरायचा. चिमूटभर पडायचं. तेवढ्या चिमटीनं मेलेली जीभ उठून बसायची, असं म्हणतात. उठून बोलायलाही लागायची, तेवढाच काय तो तोटा.

एका वर्षी आबाजी पाटील तापातून उठला. पुरणाची पोळीही त्याला मातीसारखी लागायची. धुरपदामायनं त्याच्याही हातावर चिमूट ठेवली आणि पाटलाला चव आली. पण ती जिभेवर थांबली नाही, थेट डोक्यात गेली. एवढी गोडी उघड्यावर पडलीय आणि कुणीही येऊन खातंय, हे त्याला सोसेना. त्यानं दवंडी पिटवली, की माळ पाटलाचा, बोर पाटलाचं आणि आत कुणी पाय टाकला तर तो पायही पाटलाचा.

आता माळाला कुंपण हवं. आपल्याकडं कुंपण म्हटलं की बोराटीच. दुसरं काही कुणाला सुचतच नाही. चाळीस गडी चाळीस कोयते घेऊन आले. उगवतीच्या बोरी तोडून त्यांनी मावळतीला कुंपण घातलं. मग उगवतीची बाजू उघडी पडली, म्हणून दक्षिणेच्या तोडल्या. कुंपण पाटलाला बुटकं वाटलं, वर आणखी थर चढला. शेळ्या घुसतील म्हणून ते दुहेरी झालं. धुरपदामाय रोज येऊन सांगायची, की बाबांनो, एकदा मागं वळून बघा. गडी म्हणायचे, पाटलांनी सांगितलंय, माय. घाम पुसायचे आणि पुढची बोर तोडायचे, कच्च्या फळांनी लगडलेली.

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी गाव माळावर गेलं. कुंपण दोन पुरुष उंच. आत बघावं तर एकही बोर उभी नाही. नुसते खुंट.

धुरपदामायच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आता डोहाळे लागलेल्या पोरीच्या हातावर ती काय ठेवणार होती? ती पाटलापुढं जाऊन उभी राहिली.

"पाटील, कुंपण झकास झालं. आता आत काय ठेवायचं, तेवढं सांगा."

मागं गडी फिदीफिदी हसले. ती गर्रकन वळली.

"दात कशाला काढता? पाटलाला तोंड एक होतं. कोयते चाळीस होते. कुणाचे होते ते?"

जो तो दुसऱ्याकडं बघायला लागला. कोयते जणू आपल्या पायांनी चालत आले होते.

धुरपदामायनं कुंपणाच्या तोंडाला लावलेला काटेरी झापा सरकवला, आत गेली आणि तो मागं ओढून घेतला. एका खुंटावर बसली. म्हणाली, उत्तर मिळेल तेव्हा उठेन. बायकांनी भाकरी आणली, तिनं नको म्हटलं. तीन दिवस गेले. गडी माळाकडं पाठ करून जेवत होते. जेवण जात होतं, हेच नवल.

चौथ्या दिवशी खंडू आला. सगळ्यांत जास्त बोरी त्यानंच तोडल्या होत्या. त्यानं कोयता खाली ठेवला.

"माय, कोयता माझा होता."

आणि त्याच्या पुढ्यातली तोडलेली, वाळकी फांदी लालभडक बोरांनी लगडली, असं म्हणतात. मग दुसरा आला, तिसरा आला. जो जो बोलला त्याच्यापुढचं कुंपण पिकलं. शेवटी पाटील उरला. तो म्हणाला, मी कोयता हातात धरलाच नाही, आणि खंडूच्या फांदीवरचं बोर तोडायला हात घातला. बोरीचा काटा आकड्यासारखा वाकडा असतो, आत जाताना जाऊ देतो, बाहेर येताना धरतो. बाही अडकली, उपरणं अडकलं, पागोटं वर टांगलं गेलं. कुणी सोडवायला गेलं नाही. दिवस मावळेपर्यंत पाटील बोडका उभा होता. मग तोही तेच पुटपुटला आणि काटे सुटले.

लोक झापा उघडून आत धावले. खुंटावर धुरपदामाय नव्हती. सगळ्या खुंटांना मात्र गुडघाभर धुमारे फुटले होते, असं म्हणतात.

आजही शेंबाळवाडीत तुळशीच्या लग्नाला बोरकूट फुकट मिळत नाही. प्रत्येक पुरुषानं माळावर जाऊन, कोयता खाली ठेवून मोठ्यानं म्हणायचं, कोयता माझा होता. मगच म्हातारी बाई तळहातावर चिमूट टाकते. नवे जावई कुरकुरतात, की आम्ही तर परगावचे. त्यांनाही म्हणावंच लागतं. पाटलाच्या घरातला माणूस दरवर्षी सगळ्यांत मागं राहतो आणि मिशीतल्या मिशीत बोलतो. तेव्हा म्हाताऱ्या कानामागं हात धरतात आणि म्हणतात, "ऐकू नाही आलं, पाटील."