टिकून राहिलेली डिस्क

एकदा एका संस्थेत एक वृद्ध गुरुजी यंत्रांची देखभाल करीत असत. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तके वाचून, ध्वनिमुद्रित करून ठेवणारी ती संस्था. तिथे वाचन करणाऱ्या कुमुदताईंनी उभ्या आयुष्यात जेवढी पुस्तके मुलांसाठी वाचली, ती सारी तिथल्या सर्व्हरमध्ये होती. आता ताईंचा आवाज बसला होता. पुन्हा वाचणे त्यांच्याने होणारे नव्हते.

त्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिले जाई, तेच दुसरीवरही उमटे. म्हणजे एक गेली तरी दुसरी सांभाळून घेईल. एके सकाळी त्यातली एक खरोखरच गेली. मुले मात्र ऐकतच राहिली, त्यांना काही कळलेही नाही.

गुरुजींची शिष्या शलाका नवी डिस्क घेऊन आली. तिने बिघडलेल्या डिस्कवरचा क्रमांक दोनदा ताडून पाहिला, सर्व्हरच्या यादीतून आधी तिचे नाव काढले आणि मगच ती बाहेर काढून नवी बसवली. आता टिकून राहिलेल्या जुन्या डिस्कवरचे सगळे नवीवर उतरायचे होते. इतक्यात कुमुदताई हळदकुंकवाचे तबक घेऊन आल्या. नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचे, ही आपली रीतच आहे ना!

गुरुजींनी तबक हाती घेतले. कुंकवाचे बोट मात्र त्यांनी जुन्या डिस्कच्या कप्प्यावर टेकवले, फूलही तिथेच वाहिले. मग पंख्याचे तोंड तिच्याकडे वळवले आणि संध्याकाळपर्यंत कुणीही पुस्तक ऐकायचे नाही, असे सांगून टाकले.

परीक्षा जवळ आलेली. मुलांत कुरकुर सुरू झाली. एक मुलगी तर म्हणाली की मग परीक्षेलाही कुंकू लावून पाटावर बसवा, आम्ही नंतर येतो. गुरुजी हसले, पण बधले नाहीत.

शलाकाला राहवेना. "गुरुजी, नवीन ही आहे. ती जुनी तर ठणठणीत आहे."

"ठणठणीत आहे असं तुला कोण म्हणालं? ती तक्रार करत नाही, एवढंच."

मग शेजारच्या स्टुलावर बसत ते सावकाश म्हणाले, "अगं, दोघी एकाच दिवशी आल्या, एकसारख्या राबल्या. एक थकून गेली, म्हणजे दुसरीही तेवढीच थकली असणार. पण पहिली गेली तेव्हापासून सगळा भार तिच्या एकटीवर. त्यात आज तिला आपल्याजवळचं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून नवीला द्यायचंय. गेलेलीसाठी आपण हळहळलो, नवीचं कौतुक करायला निघालो. आणि जिच्या जिवावर ताईंची पुस्तकं आज शिल्लक आहेत, तिला वर मुलांचीही कामं सांगायची? आज ती दमली, तर नवीला द्यायला कुणाजवळ काही उरणार नाही, पोरी."

कुमुदताईंनी पदराने पंख्याच्या जाळीवरची धूळ हलकेच टिपली.

दुपारभर, किती उतरले ते सांगणारा पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलांनी चढत होता. मध्येच तो एका जागी थबकला, तेव्हा कुमुदताईंचे ओठ नामस्मरणात हलू लागले. थोड्या वेळाने आकडा पुढे सरकला. दिवेलागणीला काम पुरे झाले. मघाच्या त्या चिडलेल्या मुलीने पहिले पुस्तक लावले आणि ताईंचा पूर्वीचा, स्वच्छ आवाज खोलीभर पसरला. ताई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

शलाका व्हरांड्यात आली. तिचे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. ती रोज याच वेळी घरी फोन करी आणि आईला वडिलांची झोप, औषध, जेवण असे सगळे विचारून घेई. नातेवाईकही फळे आणीत ती वडिलांसाठीच.

आईने फोन उचलला आणि सवयीने सांगू लागली की आज त्यांनी पेज घेतली, ताप नाही.

शलाकाने तिला मध्येच थांबवले. "ते सांगशीलच. आई, तू जेवलीस का?"

आई हळूच म्हणाली, "नाही गं अजून."

"मग आधी जेवून घे. मी उद्याच येते. चार दिवस बाबांचं मी बघेन, तू नुसती झोप."

बायांनो, आजाऱ्याला भेटायला जाल, तेव्हा त्याच्या उशाशी बसणारीसाठीही ओटीत काहीतरी घेऊन जा.