पाथरवटाची उंच गाडी

एका गावात एक पाथरवट होता, आणि आपण गोष्टीत शिरतो तेव्हा तो बायकोशी भांडतो आहे. काही शहाणपणाचं करत असता तर मी तिथून सुरुवात केली असती.

भांडण गाडीवरून होतं. दोघं मिळून पाटे-वरवंटे घडवायचे आणि आठवडी बाजारात विकायचे. त्यांची पिकअप जुनी, बुटकी. मागचा फाळका पाडला की हौदा जेमतेम मांडीएवढा उंच, त्यामुळे पाटा कडेला टेकवायचा आणि आत सरकवायचा. पाथरवटाला ती देऊन नवी घ्यायची होती. नवीचं तोंड गेंड्यासारखं, चाकं कमरेला लागणारी, दारं चार. एवढ्या थोरल्या गाडीचा हौदा मात्र जुनीपेक्षा आखूड, आणि तो पाथरवटाच्या छातीशी.

"मागच्या गादीवर कोण बसणार? वरवंटे?" पाथरवटिणीनं विचारलं.

"तुला नाही कळायचं. आपण निघालो की माणसं बाजूला झाली पाहिजेत."

"का? वरात काढायची आहे तुम्हाला?"

तो म्हणे, या डबड्यात बसायची लाज वाटते. ती म्हणे, याच डबड्यानं घर उभं केलं. घरातली होती नव्हती ती सगळी पुंजी नव्या गाडीत जाणार होती, म्हणून शेवटी तिनंच अट घातली. गाडीवाल्याकडून ती एका बाजारापुरती मागून आणायची, मग काय ते ठरवायचं.

बाजाराच्या सकाळी पाटे छातीपर्यंत उचलता उचलता दोघांना धाप लागली. बाजारात कासारीण आणि मिरचीवाली यांच्या मधल्या नेहमीच्या जागेत गाडी शिरेना. ती लांब रस्त्याकडेला लावावी लागली.

आता, पाटा घेणारी बाई नुसती बघून पाटा घेत नाही. ती त्यावरून तळवा फिरवते. टाकीचे घाव हाताला बोचले तरच चटणी नीट वाटली जाणार, हे तिला ठाऊक असतं. पण त्या हौद्यात हात पोचणार कुणाचा? बायका यायच्या, वर पत्र्याकडे बघायच्या आणि पुढं जायच्या. तरणी पोरं तेवढी जमली. कुणी टायर दाबून पाहिला, कुणी फोटो काढले.

एक आजी थांबली. तिच्यासाठी पाथरवटानं पाटा खाली उतरवला. आजीनं हात फिरवला, म्हणाली, हा गुळगुळीत वाटतो, पलीकडचा दाव. तोही उतरवला. तिनं तिसरा मागितला तेव्हा पाथरवट कंबर धरून खालीच बसला.

"पोरा, तू आधी कंबर शेकून घे. मी पुढच्या बाजारी येते," असं म्हणून आजी गेली.

नवी गाडी त्याच संध्याकाळी परत गेली. पुढच्या बाजारी बुटकी पिकअप आपल्या जागी लागली, फाळका पडला आणि बायकांचे तळवे पाट्यांवरून फिरू लागले. आजीही आली, चार पाटे नाकारून पाचवा घेऊन गेली. दुपारी त्या रिकाम्या हौद्याच्या कडेवर बसून, पाय खाली सोडून दोघांनी मजेत भाकरी खाल्ली.

भांडण मात्र त्याआधीच मिटलं होतं, नवी गाडी परत करायला निघाले तेव्हा. कंबर धरूनसुद्धा पाथरवट म्हणत होता, काही म्हण, आज अख्खा बाजार मान वळवून बघत होता. त्यावर पाथरवटीण बोलली तेच या गोष्टीचं तात्पर्य. त्यात माझी भर कशाला, जसंच्या तसं सांगते:

"बघितली त्यांनी गाडी, आणि आपण विकायला नेले होते पाटे."