शेवंतीच्या डोळ्यांतले ढग

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात पुनाजी नावाचा चितारी राहत होता. चितारी म्हणजे लाकडाची खेळणी करून त्यांना लाखेचे रंग चढवणारा. त्याच्या हातचा पोपट पाळण्यावर टांगला, की रडणारं मूल रडायचं विसरायचं. त्याच्या बायकोचं नाव आवडा. तिला एक खोड होती, बरं का. भाकरी फुगली, की ती विचारायची, का फुगली? पुनाजी म्हणायचा, "अगं, फुगली तर खा की!"

मग त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं शेवंती. पुनाजीने पाळण्यावर हिरवा पोपट टांगला. शेवंतीने बघितलंच नाही. "रंग फिका झाला," तो म्हणाला, आणि त्याने लालभडक पोपट केला. तरी नाही. मग तिसरा केला, त्याच्या पायात घुंगरू बांधलं. वारा आला, घुंगरू वाजलं, आणि शेवंतीने मान वळवली. पुनाजी नाचायलाच लागला. "बघ, बापाची कला कळली पोरीला!"

आवडाने हळूच घुंगरू सोडून मुठीत घेतलं. नुसता पोपट हलवला. मान हलली नाही. मग दुसऱ्या बाजूला जाऊन घुंगरू वाजवलं. मान तिकडे वळली.

"अहो," ती म्हणाली, "पोपटात काही उणं नाही. हिला दिसत नाही."

तिने मुलीला अंगणातल्या उन्हात आणलं. डोळ्यांतलं दाट काजळ पुसलं. बुबुळाच्या मधोमध तिळाएवढा पांढरा ढग होता. दोन्ही डोळ्यांत. तीन महिने पुनाजी आपल्या रंगांनाच दोष देत होता.

आवडा रडली. रडून झाल्यावर मात्र तिला प्रश्न पडला. ढग आत गेलाच कसा? आणि आत जाता येतं, तर बाहेर का येता येऊ नये? मग तिने शेवंतीला झोळीत घेतलं आणि निघाली विचारायला.

आधी भेटली घार. उंच सावरीच्या झाडावर बसली होती. "घारबाई, तुझ्याइतकी नजर कुणाला नाही. माझ्या लेकीचे डोळे बघतेस?"

घार म्हणाली, "कोसावरचं उंदराचं शेपूट विचार, सांगते. नाकासमोरचं मला काही कळत नाही. पिंगळ्याकडे जा."

पिंगळा म्हणजे छोटं घुबड. आंब्याच्या ढोलीत झोपला होता. त्याने एकच डोळा उघडला. "भर दुपारी कुणाच्या दारात यावं का गं?" पण शेवंतीला बघितलं आणि त्याने दुसराही डोळा उघडला. "डोळा बघायला शिकतो तो लहानपणीच. आत्ता नाही शिकला, तर पुढे ढग जाऊनही उपयोग नाही. पळ. शिंपिणीकडे जा."

शिंपीण कोण? अंगठ्याएवढा पक्षी तो. चोचीने पानाला पान शिवून घरटं करतो. आणि ती राहत कुठे होती, सांगू? आवडाच्याच परसात, जास्वंदीवर! सगळं रान तुडवून आवडा आपल्याच परसात आली.

शिंपीण म्हणाली, "ढग मी काढीन. डोकं तू धरायचं. तुझा हात हलला, तर माझी चोच चुकली."

आवडाने या वेळी काही विचारलं नाही. डोकं घट्ट धरलं. शिंपिणीने चोच घातली, उजव्या डोळ्यातला ढग ओढला, आणि तो सावरीच्या कापसासारखा उडून गेला. डाव्यातला जाड होता. अडकला. पण तोही निघाला.

शेवंतीने उजव्या डोळ्याने आईकडे बघितलं. बघतच राहिली. डावा डोळा मात्र उघडा असून झोपलेला.

"त्याला उठवायचं काम माझं नाही, तुझं," शिंपीण म्हणाली. "उजवा सगळं काम करतो म्हटल्यावर डावा कशाला उठेल? रोज सकाळपासून दुपारपर्यंत उजवा झाकून ठेव."

"किती दिवस?"

"उठेपर्यंत."

"आणि नाही उठला तर?"

"ते मला माहीत नाही," शिंपीण म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

मग आवडाने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी केली. पट्टी बांधली, की शेवंती असा टाहो फोडायची की गल्ली गोळा व्हायची. शेजारच्या भागूकाकी म्हणाल्या, "काय बाई तरी! दिसता डोळा बांधून ठेवते. आई आहेस की कोण?"

"या काकी, हिचे हात धरा जरा," आवडा म्हणाली. भागूकाकींना लगेच चुलीवरचं दूध आठवलं.

एक महिना गेला. काही नाही. दुसरा गेला. काही नाही. मग एके दिवशी आवडा नदीवरून लवकर परतली. बघते तो काय, शेवंती बापाच्या मांडीवर खदखदा हसतेय आणि पट्टी बापाच्या खिशात!

"रोज काढता?"

"रडते गं ती," पुनाजी म्हणाला. "माझ्याच्याने बघवत नाही."

आवडा त्याच्याशेजारी बसली. रागावली नाही. "मलाही नाही बघवत. पण आज तिला हसवलं, तर तो डोळा जन्मभर झोपून राहील."

पुनाजीने खिशातून पट्टी काढली आणि आपल्या हाताने बांधली. पोपटाचे डोळे एका फटक्यात रंगवणारा हात तो, पण गाठ तीनदा सुटली. त्या दिवसापासून पट्टी तोच बांधू लागला.

मग तिसरा महिना लागला. एके दुपारी पुनाजी जेवून उठला आणि पट्टी सोडायला लेकीवर वाकला. त्याच्या मिशीत भाताचं शीत अडकलं होतं. शेवंती रडता रडता थांबली. तिचा डावा डोळा जरा भटकला, भटकला, आणि एका जागी थांबला. चिमुकला हात वर आला. दोन बोटांनी तिने शीत उपटलं, दोन केसांसकट!

"आई गं!" पुनाजी ओरडला. शेवंतीने शीत तोंडात टाकलं.

"हलू नका," आवडा म्हणाली. ती आत गेली, हातात भात घेऊन आली आणि नवऱ्याच्या मिशीला दुसरं शीत चिकटवलं. पट्टी तशीच होती, बरं का. शेवंतीने तेही उपटलं. मग तिसरं, दुसऱ्या टोकाला. तेही उपटलं! अर्धी मिशी गेली. पुनाजीच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण तो हलला नाही.

डावा डोळा पुढेही जरा आळशीच राहिला. पण उठला. शेवंती मोठी झाली, दोन्ही डोळ्यांनी सगळं बघत, आणि ती तिघं सुखात राहिली.

आता तुमच्याही डोळ्यांनी दिवसभर पुष्कळ काम केलंय. मिटा बघू. तो एक कुणाचा उघडा आहे? तोही.