शिदूचं झाकलेलं पान

नारळी पौर्णिमेला सगळ्या किनाऱ्यावर नारळीभात होतो. कुडवेळात होत नाही. कुडवेळात त्या दिवशी बिको होतो, तोही गावाच्या खारवटीत पिकणाऱ्या चिकट्या भाताचा. नारळाच्या रसात आणि गुळात तो इतका घोटतात, की वडी पाडली तर सुरीला सोडवत नाही. आसपासच्या गावांतले लोक कुडवेळकरांना 'चिकटभाते' म्हणून चिडवतात आणि पौर्णिमेला काहीतरी निमित्त काढून जेवायला मात्र येतात.

तुम्ही स्वयंपाकघरात डोकावलात तेव्हा आढ्याला टांगलेलं शिंकं पाहिलं असेल. घरात फ्रिज आले, पण पौर्णिमेचं शिंकं कोणी काढलं नाही. त्यात बिकोची दोन पानं वाढून ठेवलेली असतात. प्रत्येकावर केळीचं दुसरं पान घातलेलं आणि त्यावर वाडगा उपडा. एक पान घरातल्या त्या माणसाचं, जो दर्यावर किंवा परमुलखात आहे. दुसरं शिदूचं. शिदू या गावचा नव्हता, या देशाचाही नव्हता. तरी त्याचं पान कुडवेळ अजून का झाकून ठेवतं, त्याची ही हकिगत जुनी माणसं सांगत आली आहेत.

तो शिडाच्या जहाजांचा काळ. खाडीच्या तोंडाशी तो मोडका चिऱ्यांचा गडगा दिसतो ना, त्याच्यामागे भिवरा सारंगीण राहायची. तिचा नवरा धाकू सारंग एका परदेशी व्यापाऱ्याच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला, तो गेलाच. पहिल्या वर्षी लोकांनी विचारपूस केली, दुसऱ्या वर्षी विचारायचं टाळलं. भिवरा जाळी विणून पोट भरायची आणि रोज संध्याकाळी धाकूच्या वाटणीचं कालवण-भात शिंक्यात झाकून ठेवायची. यात काही विशेष नव्हतं, दर्यावर माणूस असलेल्या प्रत्येक घरात तसंच करतात. सकाळी ते पान तीच खायची.

मग एका वैशाखात, पावसाआधीच्या शेवटच्या गलबतातून एक परका माणूस उतरला. बुटका, गव्हाळ, अंगात ताप, डोळे खोल गेलेले. त्याला आपल्याकडचे दोनच शब्द येत होते. एक कुडवेळ आणि दुसरा भिवरा. लोकांनी त्याला तिच्या दारात आणून बसवलं. त्याने कमरेच्या कडोसरीतून एक चांदीचा ताईत काढला आणि हसत हसत तिच्या हातावर ठेवला. तो धाकूचा ताईत होता.

त्या माणसाला वाटलं, आपण आनंदाचा निरोप आणलाय. पण कुडवेळच्या खलाशाचा ताईत म्हणजे काय, हे त्याला कुठून माहीत असणार? तो पोराच्या बारशाला आई गळ्यात बांधते आणि माणूस जिवंत असेतो तो उतरत नाही. कुणी बुडाला, की सोबती तेवढा ताईत घरी आणतात. भिवराने ताईत ओळखला आणि ती मटकन खाली बसली. परका माणूस घाबरला. त्याने पूर्वेकडे हात दाखवला, गालाखाली तळहात घेऊन डोळे मिटले, पायाला हात लावून वेदनेचं तोंड केलं. जमलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. धाकू कुठेतरी पूर्वेला कायमचा झोपला, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला. समजूत चुकली खरी, पण चुकीला कोणाचा इलाज नव्हता.

गावचा म्होरक्या बुधाजी तांडेल. माणूस दुष्ट नव्हता, फक्त रीत सोडायचा नाही. तो येऊन म्हणाला, "भिवरे, ताईत इलो म्हणजे माणूस गेलो. पुनवेक पान घालूक व्हया."

दर्यात गेलेल्यांची पानं कुडवेळात नारळी पौर्णिमेलाच घालत. सकाळी किनाऱ्यावर उघडं पान मांडायचं, कावळा शिवला की बाईने काकणं फोडून समुद्रात टाकायची, आणि मग नारळ वाहून होड्या बाहेर काढायच्या. एखाद्या बुडालेल्याचं पान राहून गेलं तर दर्या खवळतो, अशी गावाची समजूत. म्हणजे भिवराची काकणं ही तिची एकटीची गोष्ट नव्हती. सगळ्या गावाच्या होड्या त्यांच्यासाठी थांबणार होत्या.

भिवराने मान डोलावली. तिच्या मनाला ते पटत नव्हतं, पण मनाला पटत नाही हे काय सांगण्यासारखं कारण आहे? त्या दिवसापासून तिने शिंक्यात पान ठेवणं सोडलं.

परक्या माणसाचा ताप पावसाळाभर उतरत-चढत राहिला. ती त्याला पडवीत ठेवून पेज पाजायची. त्याने आपलं नाव इसिद्रो सांगितलं, गावाच्या जिभेने त्याचा शिदू केला. तो फिलिपिन्सच्या बेटांवरचा, हे पुढे कळलं. पाणी, पेज, मीठ, बाय, असले शब्द तो शिकला. पण जिवंत आणि मेला हे शब्द आजारी पाहुण्याला कोण शिकवतो? आणि नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नाही ही त्या काळची रीत, त्यामुळे धाकूचं नाव तिच्या तोंडून त्याने कधी ऐकलंच नाही. ती कधीमधी कोपऱ्यात तोंड करून रडते, ते नवऱ्याच्या आठवणीने, असं तो समजत होता.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शिदूला हुशारी वाटली आणि तो परसात आला. तिथे भिवरा कोंबड्यांना चिकट्या भाताच्या कण्या टाकत होती. हा भात गावात कोणी खात नसे. कपड्यांना खळ करायची नाहीतर कोंबड्यांना घालायचा. कुडवेळच्या बायकांचा सगळा तोरा मोकळ्या भाताचा, शिताला शीत लागलं तर सासू चारचौघांत उद्धार करायची. शिदूने ते दाणे उचलले, दाताखाली धरले आणि लहान मुलासारखा हसू लागला. त्याच्या मुलखात हेच तांदूळ सणाला लागतात.

त्याने खुणेने टोप मागितला, नारळ मागितले, गूळ मागितला. भिवराच्या मनात आलं, उद्या आपला संसार संपायचाच आहे, आज याला तरी हवं ते करू द्यावं. तिने काढून दिलं.

तांदूळ भिजवून त्याने शिजत टाकला. दाणे एकमेकांना धरू लागले तशी भिवराच्याने राहवेना. पाहुण्याचा भात गोळा होतोय, अब्रू जाणार! ती पाण्याचा तांब्या घेऊन धावली. शिदूने टोपावर दोन्ही हात आडवे धरले. मग त्याने नारळाचा पहिला, दाट रस वेगळा आटवला, इतका, की तेल सुटून तळाशी तपकिरी खमंग कणी राहिली. उरलेल्या रसात गूळ विरघळवून तो घट्ट केला, चिमूटभर मीठ घातलं आणि सगळा भात त्यात लोटला.

इथून पुढे घोटायचं काम. तापातून उठलेल्या माणसाला ते लवकरच झेपेना. भिवराने त्याच्या हातातून लाकडी दवला काढून घेतला. बिको जसजसा आळत गेला तसतसा दवला जड झाला, आणि प्रत्येक वळणाला तिची काकणं टोपाच्या काठावर वाजू लागली. तो आवाज तिला ऐकवेना. उद्या या वेळी हात मोकळे असतील, या विचाराने तिला हुंदका आला. तरी हात थांबवला नाही, म्हणे. थांबवला असता तर बिको तळाला लागला असता, आणि भिवरा काही झालं तरी सुगरण होती.

शिदूने तो पानावर थापला, वर ती खमंग कणी पेरली. मग केळीच्या पानाचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकावर एकेक वडी ठेवली आणि ते गडग्यावर समुद्राकडे तोंड करून ओळीने मांडले. एकेक मांडताना तो एकेक नाव घेत होता. काही नावं त्याच्या मुलखातली, काही आपल्या किनाऱ्यावरची. नाव घेऊन तो डोळ्यांना बोटं लावत होता. हे त्याच्या जहाजावरचे बुडालेले सोबती, हे कळायला भिवराला भाषा लागली नाही. कावळे आले, पानांना शिवले. त्यांच्याकडेही मेलेल्यांना असंच उघडं पान वाढतात तर, असं तिच्या मनात आलं.

मग ती आत गेली. तिने एका पानावर बिको वाढला, शेजारी धाकूचा ताईत ठेवला, आणि ते पान आणून ओळीच्या टोकाला मांडलं. उद्या बुधाजीच्या सांगण्यावरून घालायचं, त्यापेक्षा आज आपल्या हातांनी घालावं.

शिदूने ताईत पाहिला आणि तो ओरडला. एक कावळा उडत पुढे आला होता, त्याला त्याने अंगावरचं फडकं भिरकावून हाकललं. पान दोन्ही हातांनी उचललं, धडपडत घरात शिरला आणि रिकाम्या शिंक्यात नेऊन ठेवलं. वर दुसरं पान घातलं. इकडेतिकडे बघून एक वाडगा उचलला आणि त्यावर उपडा केला. मग तो वळला, त्याने भिवराकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला समजलं की ही बाई इतके दिवस कशासाठी रडत होती. तो तिच्या पायाशी बसून स्वतःचं कपाळ बडवू लागला.

भिवरा शिंक्याकडे बघत उभी राहिली. मेलेल्याचं पान उघडं असतं. झाकतात ते यायच्या माणसाचं. इतकी वर्षं ती स्वतः तेच तर करत होती.

दुसऱ्या दिवशी सगळा गाव किनाऱ्यावर जमला. होड्या लाटांपर्यंत ओढलेल्या, बुधाजीच्या हातात नारळ. भिवरा आली ती काकणांनी भरलेल्या हातांनी आणि रिकाम्या ओंजळीने.

"माज्या घोवाचा पान कावळ्याक घालूचा नाय," ती म्हणाली. "ता झाकून ठेवलेला आसा."

बुधाजी शिदूकडे बोट करून म्हणाला, "कोणी सांगल्यान तुका? ह्येका धड पाणी मागूक येना नाय!"

"पान झाकूक भाषा लागता काय?"

लोक कुजबुजले. होड्यांवर त्यांची पोरं जाणार होती, त्यांचं भय खोटं नव्हतं. भिवराने समुद्राचं पाणी हातावर घेऊन सगळ्यांदेखत नेम केला. दर नारळी पौर्णिमेला ती बिको करील, धाकूचं पान झाकून ठेवील, आणि तो स्वतःच्या हाताने ते उघडेपर्यंत त्यातला कणही तोंडात घालणार नाही. बुधाजी तिच्या घराकडे चालू लागला. गडग्यावरची कावळ्यांनी विस्कटलेली पानं त्याने पाहिली, आत जाऊन शिंकं पाहिलं. त्याचा स्वतःचा धाकटा भाऊ दर्यात गेला होता, त्याचं पान त्याने याच हातांनी घातलं होतं.

"ह्या पान कोणी हलवू नकात," एवढंच तो म्हणाला, आणि जाऊन त्याने नारळ वाहिला. त्या वर्षी सगळ्या होड्या सुखरूप परतल्या, असं सांगतात. सांगणारे कुडवेळचेच, ते तसं सांगणारच. पण पुढच्या पौर्णिमेला घराघरांतल्या बायका चिकटा भात मागायला भिवराच्या दारात आल्या, हे मात्र खरं असावं.

शिदू दसऱ्यानंतर पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. भिवराने त्याला केळीच्या पानात बिको बांधून दिला. पुढच्या पौर्णिमेपासून तिने शिंक्यात दोन पानं झाकायला सुरुवात केली.

आणि धाकू आला. किती वर्षांनी, ते जो तो वेगळं सांगतो. आला तो पौर्णिमेच्याच दिवशी म्हणे, हकिगतीतली माणसं सणावारीच घरी येतात. एक पाय ओढत गडग्याजवळ आला, भिवराने पाणी दिलं, आणि शिंक्याकडे बोट केलं. त्याने वाडगा उचलला, पान बाजूला केलं, एक घास खाल्ला आणि तो रडू लागला. ही चव त्याला ओळखीची होती. जहाज फुटलं तेव्हा मोडक्या पायाच्या धाकूला शिदूनेच पाठीवर घेऊन किनारा गाठला होता, आणि आपल्या आईच्या स्वाधीन करून, तो ग्लानीत असतानाच ओळखीसाठी त्याच्या गळ्यातला ताईत काढून घेऊन शिदू निरोप द्यायला इकडे निघाला होता. त्या म्हातारीने धाकूला पोराच्या मायेने सांभाळलं.

भिवराने मग बिकोचा पहिला घास खाल्ला. जेवता जेवता धाकूचं लक्ष पुन्हा वर गेलं.

"ह्या दुसरा कोणाचा?"

"जेना तुजा झाकल्यान, तेचा."

धाकूचा हात पानावरच थांबला. शिदू परत पोचलाच नव्हता. त्याची आई तिकडे दर सणाला बिको करून त्याचं पान झाकून ठेवत होती. धाकू निघाला तेव्हाही ते पान तसंच होतं.

बुधाजी तेव्हा थकला होता, त्याच्या कानावर ही गोष्ट गेली. आता शिदूचं पान किनाऱ्यावर घालायचं का, असं कोणीतरी त्याला विचारलं. तो काठी टेकत भिवराच्या घरी आला, शिंक्याखाली उभा राहिला आणि म्हणाला, "त्याचो ताईत घेवन कोण इलो काय? नाय ना? मगे झाकलेलाच ऱ्हवांदे."

ताईत घेऊन आजवर कोणी आलेलं नाही. म्हणून आजही कुडवेळच्या घराघरांत ते दुसरं पान झाकलेलंच असतं. इतक्या वर्षांनी कुठला माणूस जिवंत असतो, हे गावाला कळत नाही असं नाही. पण ते पान कावळ्याला घालायला कोणाचा हात उठत नाही. त्या दिवशी दारात जो कोणी परका येईल, त्याच्यापुढे ते ठेवतात. कोणी आलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी पोरं त्यावर तुटून पडतात, शिदू काही रागावत नाही.

यंदा तुम्ही आलात. घरचं कोणी तुमच्यासाठी वाडगा उचलणार नाही, झाकण आलेल्यानेच काढायचं असतं. उघडा.