दोन दुभाषी यंत्रं आणि एक मोदक

ही गोष्ट आपल्याला नीट आठवते की नाही, याची सांगणाऱ्यालाच खात्री नाही. पण यंत्रं नुकती बोलू लागली होती, त्या काळातली ती आहे. यमुताईंच्या इराणी विहीणबाई पहिल्यांदाच जेवायला येणार होत्या. दुकानदारानं हातात मावतील अशी दोन दुभाषी यंत्रं दिली. "वापरून बघा. आवडेल ते ठेवा, दुसरं परत करा."

मोठ्याला साठ भाषा येत होत्या, छोट्याला जेमतेम चार. पुन्हा खोक्यात जावं लागणार, या धास्तीनं छोटं गप्पच होतं.

यमुताईंनी दुसरा मोदक वाढायला घेतला. विहीणबाई हळूच काहीतरी म्हणाल्या.

"नको म्हणतात," मोठं ताडकन बोललं. यमुताई हिरमुसल्या. त्यांनी हात मागे घेतला.

छोटं चाचरत म्हणालं, "ताई, शब्द ‘नको’ हाच आहे, पण आवाज तसा वाटत नाही. माझं चुकतही असेल. पुन्हा विचारता?"

"भाषांतर कर, भविष्य कशाला सांगतोस!" मोठं खेकसलं.

यमुताईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा नकोच. तिसऱ्यांदा आग्रह केला, तेव्हा विहीणबाईंनी हसत ताट पुढे केलं आणि चांगले चार मोदक खाल्ले.

छोटं यंत्र त्या घरी राहिलं. बऱ्याच वर्षांनी यमुताई विहीणबाईंच्या गावी गेल्या, तेव्हा त्यांनी मुद्दाम विचारून खात्री करून घेतली: तिथंही पाहुण्यानं आधी दोनदा नकोच म्हणायचं असतं.